दंडाच्या बाकावरचा मास्तर

वेन ग्रेट्स्की म्हणजे आइस हॉकीचा देवच. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमध्ये ८९४ गोल. २००५ मध्ये तो फीनिक्सचा प्रशिक्षक झाला आणि चार हंगामांत संघ एकदाही प्लेऑफला पोचला नाही.

आता क्रेग बरूबी बघा. १,०५४ सामन्यांत गोल अवघे ६१, दंडाची मिनिटं मात्र ३,१४९! हातमोजे फेकून भिडायचं आणि मग काचेआडच्या बाकावरून खेळ बघत बसायचं. शिकवणीच म्हणा ना. नोव्हेंबर २०१८ मध्ये सेंट लुईस ब्लूजनं त्याला हंगामी प्रशिक्षक नेमलं. जानेवारीच्या सुरुवातीला संघ लीगमध्ये तळाला होता. जूनमध्ये त्याच संघानं लीगचं विजेतेपद, म्हणजे क्लबचा पहिला स्टॅनली कप उचलला.

नेमणूक करताना गोलांचाच रकाना वाचणाऱ्यांनी हा दंडाचा रकानाही वाचावा. बरूबीला ब्लूजनं २०२३ च्या डिसेंबरात काढलं. तरी पुढच्याच मे महिन्यात टोरंटोनं त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं.