पोरगं तुम्ही घडवलं, नेलं दुसऱ्यानं : हक्क कुणाचा आणि त्याची किंमत किती?



चॅनलवर एक प्रश्न सारखा येतो. "सर, दोन-तीन वर्षं पोराला शिकवलं, आता समोरचा दुकानदार तीन हजार जास्त देऊन घेऊन चालला. काय करू?" उमरी असो, भोकर असो की धर्माबाद, गोष्ट एकच. वरून आपल्याकडं रेल्वे निजामाबादकडं जाते. म्हणजे तुमची स्पर्धा फक्त मोंढ्यातल्या दुकानाशी नाही, थेट तेलंगणातल्या पगाराशी आहे.

आता खाली प्रश्नांपेक्षा सल्लेच जास्त येतात. बाँड लिहून घ्या. मार्कशीट ठेवून घ्या. उचल द्या, म्हणजे फिटेपर्यंत हलत नाही. माझं मत यांच्या उलट आहे, आणि ते मी आज एका खेळाच्या नियमातून सांगणार आहे. माणूस धरून ठेवायचा हक्क मागायला हरकत नाही. पण तो हक्क फुकट मिळत नसतो.

बर्फावरच्या हॉकीत काय चालतं?

अमेरिका आणि कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात, तिथली मोठी लीग म्हणजे एनएचएल. नवीन पोरं तिथं 'ड्राफ्ट'मधून येतात. दरवर्षी सगळे संघ एका पाठोपाठ एक नवखे खेळाडू निवडतात, अशा सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतला नंबर म्हणजे सोन्याचं नाणं. हे नंबर संघ एकमेकांना देऊ-घेऊ शकतात.

पोराचा पहिला करार संपला, पण वय आणि अनुभव अजून कमी आहे, साधारण २७ च्या आत, तर तो 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' होतो. म्हणजे अर्धा मोकळा. दुसऱ्या संघाशी बोलू शकतो, पण जुन्या संघाचा त्याच्यावर पहिला हक्क राहतो.

हा हक्क टिकवायला जुन्या संघाला तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

एक, जूनअखेरच्या मुदतीत त्याला लेखी ऑफर द्यायची. ती साधारण मागच्या मूळ पगाराइतकी तरी पाहिजे, आणि पगार कमी असेल तर त्यावर पाच-दहा टक्के वाढ. मुदत चुकली की हक्क संपला, पोरगा पूर्ण मोकळा.

दोन, दुसऱ्या संघानं मोठी ऑफर दिली आणि पोरानं त्यावर सही केली, तर जुन्या संघाकडं सात दिवस असतात. तेवढाच पगार, तेवढीच वर्षं मान्य करायची. "थोडं कमी करून बघू" चालत नाही. आणि मान्य केल्यावर एक वर्ष त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकता येत नाही. म्हणजे रागाच्या भरात ठेवून घ्यायचं आणि मग काढायचं, हेही बंद.

तीन, जमत नसेल तर सोडायचं. मग नेणारा संघ भरपाई देतो, पण ती पैशात नसते. स्वतःचे पुढचे ड्राफ्ट नंबर द्यावे लागतात. पगार जेवढा मोठा, तेवढे जास्त नंबर. सगळ्यात वरच्या पायरीला पहिल्या फेरीचे चार नंबर जातात.

२०२४ चा हिशोब

ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजनं एडमंटन ऑयलर्सच्या दोन पोरांना एकाच दिवशी ऑफर दिली. फिलिप ब्रोबर्गला वर्षाला ४५,८०,९१७ डॉलर आणि डिलन होलोवेला २२,९०,४५७ डॉलर, दोघांना दोन-दोन वर्षं. हे आकडे असे विचित्र का? त्या वर्षीच्या भरपाईच्या पायऱ्या बरोबर तिथंच संपत होत्या. एक डॉलर वर गेला असता तर भरपाईची पायरी वाढली असती. याला म्हणतात आकडा पाठ करून सौदा करणं. आणि भरपाईला स्वतःचाच नंबर लागतो, म्हणून ब्लूजनं आधी पिट्सबर्गकडं गेलेला आपला दुसऱ्या फेरीचा नंबर परत मिळवला, मगच ऑफर टाकली.

एडमंटननं ही दोन्ही पोरं पहिल्या फेरीत निवडून, चार-पाच वर्षं तयार केली होती. पण लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते, त्या मोसमात ८८० लाख डॉलर, आणि एडमंटनचं खातं आधीच काठोकाठ भरलेलं. सात दिवस विचार केला आणि दोघांना सोडलं. बदल्यात एक दुसऱ्या फेरीचा आणि एक तिसऱ्या फेरीचा नंबर मिळाला. होलोवेनं पुढच्याच मोसमात सेंट लुईससाठी २६ गोल केले. म्हणजे भरपाईनं नुकसान पूर्ण भरत नाही. पण हात अगदी रिकामाही राहत नाही.

उलटं उदाहरणही आहे. २०१९ मध्ये माँट्रियलनं कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला पाच वर्षांची, वर्षाला ८४ लाख डॉलरच्या वरची ऑफर दिली. कॅरोलायनानं जशीच्या तशी मान्य केली आणि माणूस ठेवला. हक्क वापरला, किंमत मोजली.

आपल्या कबड्डीत अर्धाच नियम

प्रो कबड्डीत 'फायनल बिड मॅच' कार्ड असतं. लिलावात शेवटची बोली लागली की जुना संघ तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेऊ शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई बघा. २०१८ ला यू मुंबानं त्याला ३६.४ लाखांत घेतलं. पोरगं चमकलं आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटींत नेलं. २०२१ च्या लिलावात टायटन्सनं तेच कार्ड वापरून १.३० कोटींत त्याला परत ठेवलं.

ठेवायचं असेल तर बाजारभाव द्या, हा नियम इथंही आहे. पण घडवणाऱ्याला भरपाई हा भाग आपल्याकडं नाही. आणि त्याच्याही आधी, गावातल्या तालमीत ज्यानं पोराला पहिली चढाई शिकवली, त्याच्या हातात लिलावातून काय पडतं? फुटबॉलमध्ये निदान फिफाचा नियम आहे, लहानपणी घडवलेल्या क्लबांना खेळाडूच्या सौद्यातून वाटा जातो.

आता तुमच्या दुकानावर या

कायदा आधी. भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की, माणसाला त्याचा धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्द असतो. "इथून गेल्यावर तालुक्यात दुसऱ्या मोबाइल दुकानात काम करायचं नाही" असं शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं तरी तो कागदच. मात्र मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये, ही अट योग्य धरली. फरक समजून घ्या. माणूस अडवणं वेगळं आणि ठरलेल्या मुदतीआधी गेल्यास वाजवी भरपाई घेणं वेगळं. दुकानातल्या नऊ हजारांच्या पोरावर दोन लाख टाकाल, तर ते वाजवी राहणार नाही. आणि मार्कशीट अडकवणं, उचलीत बांधणं याला मी धंदा म्हणत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे.

मग करायचं काय? हॉकीचेच तीन नियम, आपल्या मापात.

पहिला, ऑफर आधी तुमची. कृषी सेवा केंद्र असेल तर मृगाच्या आधी, कापड दुकान असेल तर दिवाळीच्या दोन महिने आधी, पोराला बसवून पुढच्या वर्षाचा पगार कागदावर लिहून द्या. दुसऱ्यानं विचारल्यावर वाढवलेला पगार म्हणजे वाढ नाही, ती घाबरगुंडी आहे. पोरालाही ते कळतं.

दुसरा, सात दिवस घ्या आणि हिशोब करा. समजा, पगार ९,००० आहे आणि समोरचा १२,००० देतो. वर्षाचे ३६,००० जास्त. आता नवीन पोरगं शिकेपर्यंत तुटलेली गिऱ्हाईकं, चुकलेला माल, तुमचा स्वतःचा वेळ, हे लिहून काढा. बेरीज ३६,००० च्या वर जात असेल तर पूर्ण १२,००० द्या आणि नंतर टोमणे मारू नका. कमी येत असेल तर "जा बाबा, चांगलं कर" म्हणा.

तिसरा, सोडताना काहीतरी ठरवून घ्या. एक महिन्याची आगाऊ सूचना, उधारीची वही नीट सोपवणं, जागी येणाऱ्याला पंधरा दिवस शिकवणं. हे कामावर घेतानाच बोलून ठेवा. जाताना पोराची नियत चांगली असेल तर तो दुसरं पोरगं सुद्धा आणून देतो. हाच आपला ड्राफ्ट नंबर.

काही जण म्हणतील, व्यापारी मंडळींनीच आपसात ठरवावं, नेणाऱ्यानं घडवणाऱ्याला दोन-चार महिन्यांचा पगार द्यावा. इथं मी सावध आहे. हॉकीतसुद्धा भरपाई जड असल्यामुळं अशा ऑफर फार कमी येतात, आणि त्याचा तोटा खेळाडूच्या पगाराला होतो. तिथं निदान खेळाडूंची युनियन आहे, नियम तिच्याशी बसून ठरतात. आपल्या पोराच्या बाजूनं टेबलावर कोण बसलंय? कुणीच नाही. दुकानदारांनी एकट्यानं ठरवलेली भरपाई म्हणजे मागच्या दारानं आलेला बाँडच.

म्हणून माझं मत साधं आहे. पोरगं तुम्ही घडवलं हे खरं, त्याचा पहिला हक्क तुम्हाला मिळावा हेही खरं. पण पहिला हक्क म्हणजे पहिली ऑफर द्यायचा हक्क. ती देण्याआधीच समोरचा दुकानदार आला असेल, तर त्यानं चोरी केली नाही, तुमची मुदत चुकली.

तुमच्या दुकानात पुढची ऑफर कोणत्या महिन्यात द्यायची, ते आजच वहीत लिहा आणि कमेंटमध्ये मलाही सांगा.