राखी, राजी आणि रोह्याची गाडी

मैत्रिणींनो, हल्ली घरोघरी एकच तक्रार, "मुलं त्या कॉम्प्युटरच्या खेळात डोकं खुपसून बसतात!" मीही त्यातलीच. एका रविवारी चाचणीचे पेपर तपासत होते. आतून नववीतल्या लेकीचा आरडाओरडा, "अगं, मार उडी!" रागानंच उठले, आणि काय सांगू, त्या दिवशी स्वयंपाकाला तासभर उशीर झाला!

खेळाचं नाव 'राजी'. परदेशातला नव्हे हं! आपल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी केलेला, २०२० साली आलेला. राजी आणि गोलू ही सर्कशीतली बहीणभावंडं. ऐन राखीच्या दिवशी असुर गोलूला पळवतात आणि दुर्गेनं दिलेलं त्रिशूळ घेऊन राजी त्याला शोधायला निघते. श्रावणातल्या कहाणीसारखंच, 'पुढं काय?' म्हणून उठवत नाही. फरक एवढाच, की कहाणी आपण नुसती ऐकतो. इथं भिंतीवरून उडी मारायची ती आपणच! गोष्ट सांगतात कोण, तर प्रत्यक्ष दुर्गा आणि विष्णू. दोघांच्या गप्पा चालल्या होत्या इंग्रजीत, पण मला आपल्या ओटीवरच्या बायकाच आठवल्या. पोरगी काय करते यावर दोघांचं बारीक लक्ष!

मध्येच कोडी येतात. गोल चकत्या फिरवून चित्र जुळवलं, की राजीला भावाची एखादी आठवण सापडते. असंच एक चित्र जुळलं आणि माझा घसा दाटून आला. रोह्याच्या घराच्या वाटणीवरून माझं भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. राखीही पाठवली नव्हती. ही एवढीशी पोर भावासाठी असुरांशी लढते, आणि मला पेणहून रोहा लांब!

लेकीनं ओळखलं. म्हणाली, "आई, मामाकडे जायला त्रिशूळ नाही लागत."

नारळी पौर्णिमेला सकाळीच नारळीभात केला, डबा भरला आणि दोघी गाडीत बसलो. कासू, नागोठणे, निडी... प्रत्येक स्टेशनाला वाटे, उतरून परत जावं. दारात वहिनी दिसली. काही न बोलता तिनं पाट मांडला. भावानं हात पुढे केला, पण मान काही वर केली नाही. माझीही नजर राखीच्या गाठीवरच. वाटणीचं अजून ठरलेलं नाही. पण आता फोनवर भांडतो तरी!

तेव्हा मैत्रिणींनो, खेळाची वेळ जरूर ठरवून द्या. आमच्याकडे अभ्यास झाल्यावर एक तास. पण त्यातली पंधरा मिनिटं भाजी निवडायला घेऊन मुलांशेजारी बसा आणि विचारा, "गोष्ट काय आहे रे?" मुलं भरभरून सांगतात. आणि कधी कधी गोष्ट आपलीच निघते.