जुम्म्याच्या सुटीतला सुपरमॅन

मालेगावचे यंत्रमाग आठवड्यातून एकच दिवस थांबतात, जुम्म्याला. नमाज झाली, जेवण झालं की माग चालवणारी पोरं सिनेमाला जातात. त्याच सुटीच्या दिवशी तिथल्या काहीजणांनी सिनेमा बनवायला घेतला. त्यांचे म्होरके शेख नासिर. त्यांचं व्हिडिओ पार्लर होतं. परदेशी सिनेमे दाखवता दाखवता, दोन व्हीसीआर जोडून तुकडे कापता-जोडता हा माणूस संकलन शिकला. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, मुंबईत कोणी ओळखीचं नाही. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. घोडे परवडत नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. लोक हसले, पण पोट धरून हसले आणि पुन्हा तिकीट काढून आले.

पुढे त्यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. नायक शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. हा सुपरमॅन उडता उडता दमतो, त्याला दम्याचा त्रास आहे. त्याची लढाई कुणा परग्रहावरच्या राक्षसाशी नाही. खलनायक तंबाखूचा बादशहा आहे, त्याला सगळं गाव घाणीत आणि व्यसनात लोळताना बघायचं आहे. उडण्यासाठी मागे हिरवं कापड लावलं. कॅमेरा एकदा पाण्यात पडला आणि काम अडलं. मध्येच शफीकभाईंचं लग्न आलं, तेव्हा नवरदेवाला शूटिंग आणि निकाह दोन्ही सांभाळावे लागले. हे सारं फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८च्या माहितीपटात टिपलं आहे. २०२५ साली रीमा कागती यांनी याच मंडळींवर मोठा हिंदी सिनेमा काढला. मरहूम शफीक शेख तो बघायला नव्हते. २०११ साली कर्करोगाने त्यांचा इंतकाल झाला.

मालेगाव आमच्यापासून लांब. मी शिकवते ती मुलं बोईसर, तारापूर, नवापूरची. तरीही हे आठवलं, कारण गेल्या महिन्यात एका मुलाची अम्मी शाळेत आली. मुलगा नववीत. रजिस्टरच्या मागच्या पानांवर चौकोन आखून चित्रकथा काढतो, आणि रविवारी दोन मित्रांना घेऊन मोबाइलवर सिनेमा करतो. “टीचर, तुम्हीच सांगा, ह्याचं हे वेड कसं सोडवू? ह्याचे अब्बू म्हणतात, दहावी झाली की कंपनीत लावतो.” तसवीर काढावी की नाही, हा तिचा सवाल नव्हता. तो ज्या घरात असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावा, माझा तो अधिकार नाही. तिची काळजी पोटाची होती, आणि ती खरी आहे.

मी ते रजिस्टर बघितलं. कथा नवापूरच्या खाडीची. पाण्यातून एक प्राणी वर येतो, अर्धा मासा, अर्धा माणूस, आणि विचारतो की माझं घर कुणी नासवलं. चित्रात हात-पाय बेढब होते, उर्दूतल्या संवादांत इमल्याच्या चुका होत्या. पण मुलाने कथा उसनी आणलेली नव्हती. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी प्रक्रिया करून नळाने नवापूरच्या किनाऱ्याकडे सोडलं जातं, आणि त्या पाण्याविरुद्ध मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, हे आमच्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलाचे अब्बू त्याच वसाहतीत नोकरीला आहेत. म्हणजे खाडी नासते ती बातमीही घरातली आणि पगारही घरातला. मुलाने नेमकी हीच अडचण गोष्टीत आणली होती. शेवटच्या पानावर तो प्राणी एका कामगाराच्या दारात उभा आहे. दार उघडतं की नाही, ते अजून काढायचं आहे.

मालेगावकरांनी हेच केलं, परक्याचा सुपरमॅन घेतला आणि त्याला आपल्या गावच्या घाणीशी लढायला लावलं. खऱ्या सुपरमॅनचा जन्मही काही श्रीमंतीत झाला नव्हता. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात राहणाऱ्या, स्थलांतरित यहुदी कुटुंबांतल्या दोन पोरांनी, जेरी सिगल आणि जो शूस्टर यांनी, तो शाळकरी वयात रचला. १९३८ साली तो छापून आला. हक्क त्यांनी विकले १३० डॉलरना! पुढे त्या एका पात्रावर कंपन्यांनी किती कमावलं याला हिशेब नाही. हे दोघे मात्र कोर्टकचेऱ्या करत म्हातारे झाले. १९७५ साली, बरीच आरडाओरड झाल्यावर, कंपनीने त्यांना वर्षासन लावून दिलं आणि त्यांची नावं पुन्हा छापायला सुरुवात केली.

म्हणून मी त्या अम्मीला वेड सोडवायचा उपाय सांगितला नाही, आणि ‘पोराला मोकळं सोडा, मोठा डायरेक्टर होईल’ असंही म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं. मालेगावच्या बहुतेकांचं पोट सिनेमावर चाललं नाही. जुम्मा संपला की माग पुन्हा सुरू होत होते. स्वतंत्र कलाकार म्हणजे कामधंदा नसलेला माणूस, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात त्याला बहुधा दोन कामं असतात. एक पोटाचं, एक आपलं.

आमच्याच रेल्वेलाइनवर, मीरा रोडला राहणाऱ्या आबिद सुरती यांचं आयुष्य पाहा. जन्म १९३५चा, गुजरातचा, लहानपण मुंबईत डोंगरीला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आगगाडीतून जाणाऱ्या गोऱ्या सैनिकांमागे पोरं धावायची. एकाने कॉमिकचं पुस्तक भिरकावलं, झोंबाझोंबीत ते फाटलं आणि आबिदच्या हाती एक पान आलं. ते बघून बघून त्याने चित्र काढायला सुरुवात केली, असं ते स्वतः सांगत आले आहेत. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. उमेदीच्या काळात फिल्म स्टुडिओत स्पॉटबॉयचंही काम केलं. ‘धर्मयुग’ साप्ताहिकात त्यांचा ‘ढब्बूजी’ वर्षानुवर्षं चालला. १९७६ साली इंद्रजाल कॉमिक्ससाठी त्यांनी ‘बहादूर’ रचला. वेताळ वाचून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला तो आठवत असेल: चंबळच्या डाकूचा मुलगा, पण गावकऱ्यांना जमवून डाकूंशी लढणारा. तोही परदेशी नायकांच्या गर्दीत आपल्या मातीतला. सोबत कथा, कादंबऱ्या, चित्रं. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेलं चित्र देणं हीसुद्धा नोकरीच आहे. त्यात ‘आज मूड नाही’ चालत नाही.

मालेगावच्या कथेत एक गोष्ट मला खटकते. नायिका बाहेरून आणावी लागली, कारण गावातल्या मुली पडद्यावर येत नाहीत. आणि या सगळ्या पुरुषांची गोष्ट जगापुढे नेली ती एका बाईने! मुलींना शूटिंगला पाठवायला आपली घरं तयार नसतील, तो वाद आज घालत नाही. पण चित्रकथेला ना किनाऱ्यावर जावं लागतं, ना मित्र जमवावे लागतात. कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातला एक कोपरा पुरतो. हा सगळ्यात स्वस्त सिनेमा आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी या मुलापेक्षा चांगली चित्रं काढते. तिच्या घरून तिचं वेड सोडवायला कोणी आलं नाही, कारण ती चित्रं काढते हेच घरी कोणाला ठाऊक नाही.

त्या अम्मीशी बोलून जे ठरलं ते असं. मोबाइल फक्त रविवारी, असरपासून मगरिबपर्यंत. गणिताची वही पूर्ण नसेल तर तोही नाही. प्रत्येक पानावर तारीख आणि स्वतःचं नाव. सिनेमाच्या शेवटी काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल धरणाऱ्या मित्राचंसुद्धा. खर्च वहीत लिहायचा: रंग किती, रिक्षा किती, कुणाकडून उसने किती. कोणी म्हणालं, ‘तुझी गोष्ट मला दे, मी टाकतो’, तर घरी विचारल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. आणि संवाद आधी मला दाखवायचे, इमला मी तपासीन.

“आणि ह्याच्या अब्बूंना काय सांगू?” तिने जाता जाता विचारलं. मी म्हटलं, सांगू काही नका, शेवटची चार पानं त्यांना वाचायला द्या. कामगाराच्या दारातला तो प्राणी त्यांनी अजून पाहिलेला नाही.