पावलांचा आवाज

घाटकोपरला भाईजानकडे गेले, तर घरात तणाव. भाचा कॉलेजच्या लघुपटासाठी हातात चप्पल घेऊन लादीवर घासत होता. चित्रीकरणात लोकलच्या खडखडाटात म्हातारीची पावलं बुडाली. आता दृश्य पाहत तो आवाज नव्याने भरायचा. याला ‘फोली’ म्हणतात.

“हे काय शिक्षण?” भाईजान वैतागले.

मी म्हटलं, “केरळच्या खेड्यातले रसूल पूकुट्टी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचंच शिकले. २००९ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं.”

“सगळ्यांना मिळतं का?”

खरंच होतं. मी गप्प. भाच्याने त्यांच्या कानाला हेडफोन लावला.

भाईजानचे डोळे भरले. “अम्मी फज्रला उठायची, तेव्हा अशीच पाय ओढत यायची.”

मुलं काय ऐकतात, हे आपणही कधी ऐकावं.