सगळ्या जगाचा रेडिओ आणि हिवरे बाजारची हवा

जगात कुठेही चालेल असा, पिशवीत मावणारा रेडिओ मी गेली दोन वर्षं शोधतोय. मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं: फोन आहे ना! हे उत्तर मला मान्य नाही. फोनवरच्या ॲपमधून वाजतो तो रेडिओ नव्हेच, ते इंटरनेट आहे. त्याला टॉवर लागतो, रिचार्ज लागतो आणि तुम्ही काय ऐकलंत याची नोंद कुठेतरी होते. रेडिओ नुसता ऐकतो. एकाने ऐकलं काय किंवा लाखाने, प्रक्षेपणाचा खर्च तोच. पुरात टॉवर बंद पडले की हा फरक कळतो. म्हणून तर एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना सांगितलं, की फोनमधला एफएम बंद करून विकू नका. पण एफएमला अँटेना म्हणून इयरफोनची वायर लागते आणि ती खोचायचं भोकच नव्या फोनमधून गायब होत चाललंय.

बरं, वेगळा सेट घ्यायचा तर कोणता? मीडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, अमेरिकेत १० चं. आकाशवाणी पुणे ७९२ वर आहे. फक्त अमेरिकेसाठी बनवलेला डिजिटल सेट ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो, पुणं मधल्यामधे राहतं. जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे पुण्याचं १०१ त्याच्या कुंपणाबाहेर. इथवरचा घोळ चांगला सेट निस्तरतो. अंतर बदलायची सोय असलेले, ७६ ते १०८ पर्यंत जाणारे, शॉर्टवेव्हही पकडणारे सेट मिळतात.

खरी पंचाईत डिजिटलची. युरोपने डीएबी प्लस घेतलं, अमेरिकेने एचडी रेडिओ, आपण डीआरएम. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदच केलं. या तिन्ही पद्धती पकडणारा खिशातला सेट मला अजून मिळालेला नाही. आपल्या सरकारने तीसहून जास्त डीआरएम ट्रान्समीटर बसवले, पण गावातल्या दुकानात परवडेल असा डीआरएम सेट विकायला ठेवला नाही. विहीर खणली, पाइप टाकला आणि पोहरा द्यायचा राहिला, असा हा कारभार.

पण समजा, असा आदर्श रेडिओ मिळाला. तो घेऊन नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊ. गावाभोवती डोंगर आहेत. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगराआड कमजोर पडतात. मीडियम वेव्ह जमिनीला धरून, वळसे घेत पोचते. तीच आपण जुनी म्हणून मोडीत काढत आहोत. आणि जे पोचेल त्यात या तालुक्याची बातमी किती? २०११ च्या धोरणाने खासगी एफएमला आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवायची मुभा दिली, स्वतःच्या बातम्यांची नाही. हवामान, वाहतूक सांगता येते, पण सत्तेला प्रश्न विचारणारी बातमी नाही. २००६ मध्ये सामुदायिक रेडिओचं दार संस्थांना उघडलं, तेव्हाही बातमीची खिडकी बंदच ठेवली. यूट्यूबवर कुणीही उठून काहीही बोलतो. रेडिओवर मात्र गावाने तोंड उघडलं तर देशाला धोका!

हिवरे बाजारचंच उदाहरण मी मुद्दाम घेतोय. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर या अवर्षणग्रस्त गावाने एक गोष्ट पक्की केली: विहीर माझ्या रानात असली तरी खालचं पाणी सगळ्यांचं आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. हवेतल्या लहरींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये नेमकं हेच सांगितलं: त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. पाण्याचा हिशेब गावाने मागितला आणि मिळवला. लहरींचा हिशेब कुणी मागतच नाही.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर १९५६ कडे बघा. त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणी पुण्याने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. त्यात अहमदनगर जिल्हाही होता. गावातली वीसेक माणसं संध्याकाळी सेटभोवती बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न पुण्याला लिहून पाठवत. त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरून येत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचा अभ्यास केला. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांना नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा जास्त माहिती मिळाली, असं त्यात दिसलं. म्हणजे डब्यापेक्षा त्याच्याभोवतीची बैठक महत्त्वाची ठरली.

‘आता व्हॉट्सॲप ग्रुप आहेत’ हे त्यावरचं तयार उत्तर. आहेत की. पण ग्रुपमध्ये ॲडमिन ज्याला घेईल तोच असतो. शिवाय ज्या म्हातारीकडे स्मार्टफोन नाही, तिच्यासाठी तुमचा ग्रुप मुकाच. रेडिओ तिला आत घ्यायला कुणाची परवानगी मागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘बेस्ट ट्रॅव्हल रेडिओ’ची यादी पाठवली तर जरूर वाचा, मीही वाचतो. टोकियोत, ऑस्लोत, शिकागोत चालणारा सेट कुणीतरी बनवेलच, तो धंद्याचा प्रश्न आहे. पण त्या सेटवर नगर तालुक्याच्या गावाने स्वतःची बातमी स्वतः सांगावी, हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही दुकानात विकत मिळणार नाही. मीडियम वेव्ह चालू ठेवा, स्वस्त सेट बाजारात आणा आणि गावाच्या रेडिओला बातमी सांगू द्या, हे दिल्लीला आपणच सांगायला हवं. हवा आपली आहे, तर तिच्यात बोलण्याचा हक्कही आपलाच आहे.