आधी दर, मग साखळी

कुत्री फिरवण्याच्या धंद्याला आपल्यातले शिकलेसवरलेले नाक मुरडतात. म्हणतात, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं ते आता जितं कुत्रं ओढायला काय? वाक्य टाळी घेणारं आहे. पण बोलणाऱ्याच्या खात्यात एक तारखेला पगार पडतो. गोदीत कंत्राटावर पाठ मोडून घेणाऱ्यानं, बी.कॉम. होऊन कुरिअरची थैली वाहणाऱ्यानं त्या टाळीचं काय करायचं?

मुंबईत टॉवर उभे राहिले, त्यांच्यात कुत्री आली. कुत्र्याला दिवसातून दोनदा तरी खाली न्यावंच लागतं आणि मालकाला वेळ नाही. आज हे काम आपलीच पोरं, आपल्याच मावश्या करतात. घरकामाच्या पगारात ते फुकट घुसडलेलं असतं. कामात काही खोट नाही दोस्तहो. खोट आहे ती ते करून घेण्याच्या रीतीत.

रीत जुनीच. महारकी वतन म्हणजे काय होतं? कामाला माप नाही, वेळेला घड्याळ नाही, मोबदल्याला दर नाही. गावानं हाक मारली की निघायचं, आणि वर भाकरतुकडा मागून आणायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. वतन कायद्यानं मोडायला १९५८ उजाडलं. आणि आता, ‘अरे, येताना दूध आण, गाडीवर फडका मार, रविवारी जरा जास्त थांब’, हे काय आहे? वतनच. फक्त गाव उभं झालंय, तीस मजली.

म्हणून साखळी हातात घ्यायच्या आधी दर. अर्ध्या तासाची एक फेरी, दिवसाला दोन, समजा महिन्याचे अडीच हजार ठरले. सकाळी तीन तासांत पाच कुत्री निघतात, संध्याकाळी तेवढीच. झाले साडेबारा हजार. त्यातून पिशव्या, जायचं-यायचं भाडं वजा करा. घबाड नाही, पण मधली दुपार तुमची आणि डोक्यावर मुकादम नाही. हा आकडा उदाहरणाचा. आपल्या भागातला दर दहा जणांना विचारून काढा. दोन कुत्री एकदम न्यायचा मोह होतो. रस्त्यावरची टोळी अंगावर आली की एका माणसाला दोन साखळ्या आवरत नाहीत, मग पैसे जातात दवाखान्यात.

ठरलेलं कागदावर घ्या, नाहीतर निदान फोनवर लिहून घ्या. फेरी किती वाजता, सुट्टी कुठली, पैसे कोणत्या तारखेला. कुत्र्याला रेबीजची लस टोचल्याचा दाखला आणि महापालिकेचा परवाना बघितल्याशिवाय हात लावू नका. ही लस आपल्यालाही आधीच टोचून घेता येते. तरी चावलंच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पालिकेचं इस्पितळ गाठायचं. हळद-चुना थापत बसायचं नाही. बुडालेल्या दिवसांचे पैसे मालकानं द्यायचे, हेही कागदावर.

एप्रिल-मेच्या दुपारी कुत्रं बाहेर काढू नका. डांबरावर हाताचा पालथा पंजा ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. मालकाच्या पायात बूट असतात, त्याला हे सांगावं लागतं. अनवाणी वाढलेल्याला सांगावं लागत नाही. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेलं कुत्रं गळ्यातला पट्टा सोडवून पळतं, तेव्हा अंगाला बांधायचा पट्टा हवा.

मालक गोव्याला गेला की कुत्रं सांभाळायला त्याच्या घराची किल्ली येते. इथं सावध. घरातून काही हललं तर आळ पहिला कुणावर येईल ते मी सांगायला नको. किल्ली घेताना मालकासमोर खोल्याखोल्यांचा व्हिडिओ काढा, परत देताना पुन्हा काढा. त्याला अपमान वाटला तर वाटू द्या. आपला अपमान पोलीस चौकीत होतो.

आता घाण. कुत्र्यानं रस्त्यावर केली तर उचला, चिडू नका. कुत्रं आपण आणलंय, आणि मागून झाडू घेऊन येणारी बाई आपलीच आहे. मात्र आपण यायच्या आधी त्यानं दिवाणखान्यात केलेली घाण आपली नव्हे. तिथं हात लावला की दुसऱ्या दिवशी फरशी आली, तिसऱ्या दिवशी संडास आला.

लिफ्टचं तर विचारू नका. सोसायट्यांना कुत्र्याला लिफ्टबंदी करता येणार नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळानं २०१५ च्या परिपत्रकात सांगितलंय. साखळी धरणाऱ्या माणसाचं परिपत्रक अजून निघायचंय. महाडच्या तळ्यावर १९२७ पर्यंत जनावरांना मज्जाव नव्हता, आम्हाला होता. तेव्हा अट घाला: कुत्रं ज्या लिफ्टनं जाईल त्याच लिफ्टनं मी जाईन. राग कुत्र्यावर काढू नका. त्या बिचाऱ्यानं कधी कुणाचं आडनाव विचारलेलं नाही.

सरकारदरबारी उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटाला दमडी देऊ नका. पण खरं बळ नोंदणीत नाही. गोदीत एके काळी तोलीवाला बोट दाखवील त्यालाच काम मिळायचं. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, पुढं नोंदणी झाली, ते बोट मोडलं. (आता कंत्राटदाराचं उगवलंय, ते निराळं.) १९६९ ला माथाडी कायदा झाला, हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळायला लागली. दोन्ही कायदे फुकट मिळाले नाहीत, हमाल आधी एक झाले होते. एका टॉवरमध्ये तुम्ही तिघं असाल तर तिघांचा दर एकच ठेवा. एकानं पाचशे कमी केले की दुसरा सातशे करतो, आणि मालक गॅलरीत चहा पीत गंमत बघतो.

एक वही घाला. कुणाकडं कुठलं कुत्रं, काय दर, कुणाचे किती थकलेत. ज्यानं थकवले त्याचं कुत्रं पैसे चुकते होईतो तिघांपैकी कुणीच घ्यायचं नाही. मग सकाळी साडेसहाला साहेब स्वतः, स्लिपर घालून, कुत्र्यामागं खाली येईल.