पोटाचा प्रश्न

मंडळी, 'पोटासाठी देश सोडला' असं आपण सगळेच म्हणतो. पण सुटलेल्या पोटाबद्दल बोलायची वेळ आली की सगळे गप्प! गेल्या जानेवारीत आमच्या घरी एक ऑपरेशन झालं. इथल्या मित्रमंडळींना आम्ही 'हर्नियाचं' म्हणून सांगितलं. ती चक्क थाप होती. ऑपरेशन होतं 'टमी टक'चं, आणि पेशंट होती आमची सौ. (हा मजकूर तिने वाचला आहे, दोन वाक्यं काढायला लावली आहेत आणि मगच परवानगी दिली आहे.)

आमची जुळी मुलं आता अकरा वर्षांची. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात ते एकमेकांपासून लांब सरकतात आणि बऱ्याच जणींचे नंतर पुष्कळसे जवळ येतात. हिचे आले नाहीत. मध्ये तीन बोटं मावायची. कंबर दुखायची. योगासनं झाली, फिजिओथेरपी झाली, वजन उतरलं, पण कातडीची घडी तशीच राहिली. आणि हळदीकुंकवातला 'काय, गोड बातमी वाटतं?' हा प्रश्नही. तरी 'हे नट्यांचे चोचले' असं आम्ही बोलून गेलो. त्यानंतरचे दोन दिवस घरात काय शांतता होती, ते विचारू नका.

शेवटी आम्ही दोघंही सर्जनकडे गेलो. जाता जाता आमच्या पोटाचंही विचारून घेतलं. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि हसले. म्हणाले, तुमची चरबी कातडीखाली नाही, आत आतड्यांभोवती आहे. तिथे हे ऑपरेशन पोचतच नाही. तुम्ही चाला! थोडक्यात, टमी टक हा वजन कमी करण्याचा उपाय नाही. वजन स्थिर हवं, आणखी मुलं नको असावीत आणि तंबाखू-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद हवी, कारण तिने जखम भरत नाही.

ऑपरेशनला तीन तास लागले. पूर्ण भूल देतात. सिझेरियनच्या व्रणाच्या पातळीवर, पण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद घेतात. कातडी वर उचलून लांब गेलेले स्नायू मधोमध शिवतात, जादा कातडी काढून टाकतात. बेंबी आपल्या जागीच असते, तिच्यासाठी कातडीला नवं भोक करतात. संध्याकाळी घरी! सोबत दोन नळ्या आणि त्यांच्या टोकाला रबरी फुगे. त्यात साचलेलं पाणी मोजून लिहायचं. आम्ही इंजिनिअर, लगेच एक्सेल शीट केली. रोजचा आकडा उतरला तेव्हा दहाव्या दिवशी नळ्या निघाल्या.

खरी परीक्षा घरी. पहिला आठवडा कमरेत वाकूनच चालायचं, सरळ होता येत नाही. पलंगावर आडवं होणं जमेना, म्हणून रिक्लायनरमध्ये गुडघ्यांखाली उशी घेऊन झोप. पहिले तीन-चार दिवस दुखणं जोरात. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, तेव्हा आपला इसबगोल कामी आला (डॉक्टरांना विचारून). घट्ट पट्टा सहा आठवडे. तितकेच दिवस जड उचलणं बंद, दुधाचा गॅलनसुद्धा आम्हीच उचलायचा. ऑफिसचं बसकाम अडीच आठवड्यांनी सुरू झालं. संध्याकाळची सूज मात्र काही महिने राहिली. बेंबीखाली अजून थोडं बधिर आहे. व्रण फिका व्हायला वर्षभर लागतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तो जाड होण्याचा धोकाही जास्त.

पाचव्या दिवशी ही रडली. 'मी हे का करून घेतलं?' आम्हाला उत्तर सुचलं नाही. चहा करून दिला. असं वाटणं पुष्कळ जणींना होतं, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणि नवव्या दिवशी रात्री हिची एकच पोटरी दुखायला लागली, सुजलीही. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हा या ऑपरेशनमधला सगळ्यात मोठा धोका. म्हणून तर पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायला लावतात. फोन केला, ताबडतोब इमर्जन्सीत जा म्हणाले. मुलांजवळ बसायला एक मैत्रीण धावत आली. पायाची सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती. पहाटे तीनला घरी आलो तेव्हा आमचेच पाय लटपटत होते.

मैत्रीण म्हणाली, 'हर्नियाला एवढं होतं?' तेव्हा मात्र हिला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. मैत्रीण क्षणभर गप्प झाली, मग हळूच म्हणाली, 'खूप दुखतं का गं? मी मेमध्ये तीन आठवडे मुंबईला जातेय, तिथे करून घ्यायचा विचार होता. घरी कोणाला सांगितलं नाही.'

मुंबईत चांगले सर्जन आहेत, प्रश्न तो नाही. पण तीन आठवड्यांत ऑपरेशन उरकून सोळा तास विमानात बसायचं? लांबच्या प्रवासाने गाठीचा धोका वाढतो. आणि इथे आल्यावर जखमेत पाणी साचलं तर दाखवायचं कोणाला? तिने बेत पुढे ढकलला.

इथे करणार असाल तर सर्जनला 'अमेरिकन बोर्ड ऑफ प्लॅस्टिक सर्जरी'चं प्रमाणपत्र आहे ना, ते बघा. नुसती 'कॉस्मेटिक सर्जन' ही पाटी पुरेशी नाही. सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला विमा पैसे देत नाही, आणि सर्जनच्या फीवर भूल व ऑपरेशन थिएटरचा खर्च वेगळा असू शकतो. सगळं लेखी घ्या. पहिला आठवडा घरात एक माणूस हवंच.

असो. त्या रात्री आम्हाला काही झालं असतं, तर आमच्या जवळच्या माणसांना कशाने झालं हेही ठाऊक नसतं. थापेची ती किंमत फार होती. कोणाला काही विचारायचं असेल तर पिकनिकला हिला गाठा. हर्नियाचं नाव काढणार नाही, अशी हमी आमची!